व्हॉल्व्हची निवड : बॅटरीच्या रेडिओपासून हेडफोनपर्यंत

हेडफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी आज जे व्हॉल्व्ह शोधले जातात, त्यांतला जवळपास एकही हेडफोनसाठी बनलेला नाही. ईएल८४ हा रेडिओचा लाऊडस्पीकर हलवण्यासाठी आला. ईसीसी८८ टेलिव्हिजनच्या ट्यूनरसाठी, ६एएस७ वीजपुरवठ्याचे व्होल्टेज स्थिर ठेवण्यासाठी, तर ईएफ९५ या छोट्या पेंटोडची मुळे दुसऱ्या महायुद्धातल्या रडारपर्यंत जातात. दुसऱ्या धंद्यांसाठी लाखोंनी बनलेला आणि ते धंदे संपल्यावर उरलेला हा माल आहे. म्हणून व्हॉल्व्हच्या निवडीचा इतिहास संगीताच्या आवडीनिवडीपेक्षा वीज, बॅटरी आणि बाजार यांचा इतिहास अधिक आहे. महाराष्ट्रापुरता तो पाहायचा, तर मुंबईच्या रेडिओ क्लबाइतकेच विदर्भातल्या एखाद्या फाट्यावरच्या गावाकडेही लक्ष द्यावे लागते. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातले जाम हे तसे गाव. नागपूर–हैदराबाद महामार्ग इथून हिंगणघाटकडे जातो आणि वरोरा–चंद्रपूरचा रस्ता इथेच फुटतो. वीज पोचण्यापूर्वी अशा गावांत कोणता रेडिओ चालेल, हे त्याच्या व्हॉल्व्हवर ठरत असे.

हेडफोन आणि व्हॉल्व्ह यांची जोडी मात्र लाऊडस्पीकरपेक्षा जुनी आहे. जॉन फ्लेमिंगने १९०४ मध्ये दोन विद्युताग्रांचा व्हॉल्व्ह केला, त्यात ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये तिसरे विद्युताग्र, म्हणजे ग्रिड घातले आणि क्षीण संकेत मोठा करण्याची सोय झाली. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने डाक-तार खात्याच्या मदतीने मुंबईहून संगीताचा एक कार्यक्रम प्रक्षेपित केला, तो गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी पुण्यात ऐकला. १९२३-२४ च्या सुमारास मुंबईच्या रेडिओ क्लबाने प्रक्षेपण सुरू केले. त्या काळी हौशी माणसाचा संच म्हणजे एक किंवा दोन व्हॉल्व्ह, लांबलचक एरियल आणि कानाला हेडफोन. हेडफोनच्या वेटोळ्यांत केसासारखी बारीक तार हजारो वेढे गुंडाळलेली असे. एका कानाचा रोध २००० ओहम, दोन्हींचा मिळून ४०००. एवढा रोध असल्यामुळे हेडफोन सरळ व्हॉल्व्हच्या प्लेट सर्किटात जोडता येत. मधे ट्रान्सफॉर्मर लागत नसे, कंडेन्सरही लागत नसे. आज ३२ ओहमचा हेडफोन व्हॉल्व्हवर चालवताना जी सगळी कसरत करावी लागते, ती तेव्हा नव्हतीच, कारण हेडफोनच व्हॉल्व्हला साजेसा घडवलेला होता.

अडचण होती ती तंतू तापवण्याची. सुरुवातीचे टंगस्टन तंतूचे व्हॉल्व्ह दिव्यासारखे लख्ख पेटत. पहिल्या महायुद्धात प्रसार पावलेल्या ‘आर’ जातीच्या व्हॉल्व्हला ४ व्होल्टवर सुमारे ०.७ अ‍ॅम्पियर लागत, म्हणजे एका व्हॉल्व्हपायी जवळजवळ ३ वॅट. तीन व्हॉल्व्हचा संच घेतला की अ‍ॅसिडची बॅटरी काही संध्याकाळींतच बसायची. पुढे थोरियम मिसळलेले आणि त्यानंतर ऑक्साइडचा लेप दिलेले तंतू आले. ते मंद लाल तापमानावर काम करत आणि ०.०६ अ‍ॅम्पियरवरही भागवत. निवडीचा पहिला नियम इथेच पक्का झाला. व्हॉल्व्ह किती वाढवतो हे नंतर, आधी तो खातो किती हे पाहायचे.

तंतूच्या व्होल्टेजचे आकडे वरवर मनमानी वाटतात, पण प्रत्येकामागे एखादी बॅटरी उभी आहे. इंग्रजी बॅटरी सेटचे व्हॉल्व्ह २ व्होल्टचे होते, कारण शिसे-अ‍ॅसिडच्या एका सेलचे व्होल्टेज तेवढे. १.४ व्होल्टचे व्हॉल्व्ह कोरड्या सेलसाठी काढले गेले. ६.३ व्होल्ट हा आकडा तर मोटारीतून आला. अमेरिकेत १९३० च्या सुमारास मोटारीत रेडिओ बसवण्याची टूम निघाली. त्या वेळच्या मोटारींच्या बॅटरीत तीन सेल असत आणि २.१ व्होल्टच्या हिशेबाने त्यांची बेरीज ६.३ होते. मोटारींच्या बॅटऱ्या पुढे १२ व्होल्टच्या झाल्या तसे १२.६ व्होल्टचे हीटरही आले. ईसीसी८३ आणि ईसीसी८२ यांचा हीटर मधोमध टाका देऊन दोन्ही व्होल्टेजवर चालेल असा केला, तो त्यामुळेच. भिंतीच्या विजेवर चालणाऱ्या, टेबलावरून कधीही न हलणाऱ्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरवरही आज ६.३ व्होल्टचे वेटोळे असते. नव्वद वर्षांपूर्वीच्या मोटारीची ती खूण कुणी काढून टाकलेली नाही.

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. कंपनी तीन वर्षांच्या आत बुडाली आणि १९३० मध्ये सरकारने प्रसारण हाती घेतले. १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. या दहा वर्षांत घरचा संच पुरता बदलला. शक्तिशाली आउटपुट व्हॉल्व्ह आले, संचात लाऊडस्पीकर बसला आणि हेडफोन घरातून गेला. तो उरला तारायंत्राच्या टेबलाशी, स्टुडिओत आणि चित्रपटाच्या ध्वनिमुद्रकाच्या कानाशी. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आल्यानंतर मराठी चित्रपटाच्या प्रत्येक शूटिंगला हेडफोन लावून बसलेला माणूस आवश्यक झाला. त्याच्या यंत्रातले व्हॉल्व्ह कमी खरखरीचे लागत, आणि ते वेगळे निवडून ठेवण्याची पद्धत या धंद्यात आधीपासून होती.

वर्धा जिल्ह्याचा या तंत्राशी संबंध रेडिओपेक्षा कर्ण्यामुळे आधी आला म्हणायला हरकत नाही. १९३० च्या दशकात काँग्रेसच्या मोठ्या सभांना ध्वनिवर्धक पुरवण्याचे काम मुंबईच्या शिकागो रेडिओ या पेढीचे नानिक मोटवाने करत. याच दशकात गांधीजी वर्ध्याला आले, १९३६ मध्ये शेगावात म्हणजे पुढच्या सेवाग्रामात राहू लागले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. हजारोंच्या सभेला आवाज पोचवायचा तर जोडीने काम करणारे मोठे आउटपुट व्हॉल्व्ह लागत, आणि वीज नसलेल्या जागी बॅटरीवरून किंवा जनरेटरवरून त्यांच्या प्लेटसाठी शेकडो व्होल्ट तयार करावे लागत. ६एल६ आणि ८०७ ही नावे इथून मंडप-कर्णेवाल्यांच्या तोंडी बसली आणि लग्न, जत्रा, तंबूतला सिनेमा असे करत तीस वर्षे टिकली.

१४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ‘भारत छोडो’चा ठराव वर्ध्यातच केला. त्यानंतर मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओचे प्रक्षेपण २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर सुरू झाले. प्रक्षेपक नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने उभा केला. सामग्रीला मोटवान्यांच्या पेढीचा हात होता. युद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपकांचे परवाने सरकारने काढून घेतले होते, त्यामुळे प्रक्षेपकाचे सुटे भाग उघडपणे विकत घेणे शक्य नव्हते. अशा यंत्रात व्हॉल्व्हची निवड म्हणजे जो हाती लागेल तो. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला आणि जामच्या पूर्वेला असलेल्या चिमूरला ऑगस्टात उठाव आणि दडपशाहीचे जे घडले, ते वर्तमानपत्रे छापू शकत नव्हती. या रेडिओने ते सांगितले. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला आणि तो बंद पडला.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. जाम नागपूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर, मधे डोंगर नाही, म्हणजे मीडियम वेव्हवर ऐकायला जागा उत्तम. अडचण विजेची. तेव्हा विदर्भ मध्य प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात आला. त्यामुळे त्याच वर्षी त्याआधी युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या १५० गावांत जो शेतकरी रेडिओ-मंडळांचा गाजलेला प्रयोग झाला, त्यात वर्ध्याचे एकही गाव नव्हते. पण पश्चिम महाराष्ट्रातले गाव असो की वर्धेकाठचे, ग्रामपंचायतीत ठेवलेला संच एकाच जातीचा असे. चार व्हॉल्व्ह आणि एक जड चौकोनी कोरडी बॅटरी, जिच्यात तंतूसाठी दीड व्होल्ट आणि प्लेटसाठी ९० व्होल्ट असे दोन विभाग.

या चार व्हॉल्व्हची निवड म्हणजे निव्वळ हिशेब होता. युद्धानंतरच्या मालिकेत डीके९१, डीएफ९१ आणि डीएएफ९१ हे प्रत्येकी ५० मिलिअ‍ॅम्पियर घेत आणि आउटपुटचा डीएल९२ एकटा १००, बेरीज २५०. १९५० च्या दशकात आलेल्या ९६ च्या मालिकेत पहिले तीन प्रत्येकी २५ आणि डीएल९६ ५०, बेरीज १२५. आवाजात फारसा फरक नाही, पण तंतूची बॅटरी जवळपास दुप्पट दिवस चालणार. जिथे बॅटरी विकत घेण्यासाठी हिंगणघाटचा बाजार गाठावा लागे, तिथे ९१ ऐवजी ९६ चा संच घेणे हाच शहाणपणा होता. जुन्या संचात मात्र नवे व्हॉल्व्ह सरळ बसत नसत. डीके९१ च्या पायांची जोडणी वेगळी, डीके९६ ची वेगळी. सॉकेटच्या तारा सोडवून पुन्हा डाग द्यावे लागत. आणि एक अपघात हमखास होई. अंधारात किंवा घाईत बॅटरीची पिन चुकीच्या भोकात गेली, की १.४ व्होल्टच्या तंतूंवर ९० व्होल्ट येत आणि चारही व्हॉल्व्ह एका क्षणात, डोळ्यांदेखत एकदा चमकून, जात. उत्पादकांनी दोन विभागांच्या पिना वेगवेगळ्या जाडीच्या केल्या, तरी तारा तुटल्यावर त्या सुतळीने बांधून चालवणारेही होतेच.

दुसरा मार्ग व्हायब्रेटर सेटचा. त्यात मोटारीची ६ व्होल्टची बॅटरी लावायची. आतली कंप पावणारी पट्टी तो प्रवाह सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा तोडे-जोडे आणि ट्रान्सफॉर्मरमधून प्लेटसाठी मोठे व्होल्टेज मिळे. महामार्गावरच्या गावाला हा मार्ग सोयीचा होता, कारण बॅटरी चार्ज करून आणण्याचे साधन, म्हणजे ट्रक, दारातून जात असे. पट्टीची गुणगुण रेडिओत ऐकू यायची, पण बातम्या आणि बाजारभाव ऐकणाऱ्याला तिचे काही वाटत नसे.

व्हॉल्व्हच्या युरोपीय नावात सगळी माहिती भरलेली असते, आणि मेकॅनिकला ती तोंडपाठ असे. पहिले अक्षर तापवण्याचे. डी म्हणजे १.४ व्होल्ट, ई म्हणजे ६.३ व्होल्ट, यू म्हणजे १०० मिलिअ‍ॅम्पियरची साखळी, पी म्हणजे ३०० मिलिअ‍ॅम्पियरची साखळी. पुढची अक्षरे कामाची: ए एक डायोड, बी दोन डायोड, सी ट्रायोड, एफ पेंटोड, एच हेक्सोड किंवा हेप्टोड, एल आउटपुट पेंटोड, एम मॅजिक आय, वाय आणि झेड रेक्टिफायर. आकडा बैठकीचा: तिशीतला आठ पायांचा मोठा, ऐंशीतला नऊ पायांचा छोटा, नव्वदीतला सात पायांचा. म्हणजे ईसीएच८१ हे नाव वाचताच ६.३ व्होल्ट, ट्रायोड आणि हेप्टोड एका काचेत, नऊ पाय, हे कळते. अमेरिकन नावांत पहिला आकडा तेवढा हीटरच्या व्होल्टेजचा. बाकी पुस्तकात पाहावे लागे. हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरसाठी पर्याय शोधणाऱ्यालाही ही बाराखडी पुरेशी पडते. पीसीसी८८ आणि ईसीसी८८ आतून जुळी भावंडे आहेत, फक्त पहिल्याचा हीटर ७ व्होल्टचा.

वीज असलेल्या शहरांत दोन तऱ्हेचे संच होते. एसी संचात ट्रान्सफॉर्मर असे आणि ‘ई’ मालिकेचे व्हॉल्व्ह: ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएल८४, रेक्टिफायरला ईझेड८०, समोर मॅजिक आयचा हिरवा डोळा. काही शहरांत डीसी पुरवठा होता, शिवाय ट्रान्सफॉर्मरचे तांबे महाग. म्हणून एसी-डीसी संच निघाले. त्यांत यूसीएच८१ चे १९ व्होल्ट, यूबीएफ८९ चे १९, यूसीएल८२ चे ५० आणि यूवाय८५ चे ३८ असे हीटर एकामागे एक ओवून सरळ घराच्या विजेला जोडलेले असत. उरलेले व्होल्टेज जाड रेझिस्टर जिरवी. एका व्हॉल्व्हचा हीटर तुटला की सगळे विझत, आणि नेमका कोणता गेला हे एकेक काढून तपासल्याशिवाय समजत नसे. चेसिस सरळ विजेला जोडलेले असल्याने मागचे पुठ्ठ्याचे झाकण काढून हात घालणाऱ्याला झटका बसे.

हे संच बनत बरेचसे महाराष्ट्रातच. मर्फीचा कारखाना ठाण्याला होता, टाटांच्या नॅशनल एको कंपनीचा, म्हणजे नेल्कोचा, मुंबईत, फिलिप्सचा पुण्याजवळ लोणीला. व्हॉल्व्ह मात्र बराच काळ बाहेरून येत: फिलिप्स, मुलार्ड, आणि युद्धानंतर लष्करी डिस्पोजलचा अमेरिकन माल. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिने फिलिप्सच्या सहकार्याने रिसीव्हिंग व्हॉल्व्ह काढायला सुरुवात केली. ‘बेल’ छापाचा व्हॉल्व्ह तेव्हापासून प्रत्येक मेकॅनिकच्या डब्यात असे.

मेकॅनिकची निवड पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा लक्षणांवर चाले. १९५२ नंतर आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळपास रजा दिली. त्या वेळी नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर होते. श्रोता गाण्यांसाठी शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोनकडे वळला आणि मेकॅनिकच्या दुकानात एक नवी तक्रार येऊ लागली: नागपूर खणखणीत लागते, सिलोन लागत नाही. अनुभवी माणूस चेसिस उघडण्याआधीच ईसीएच८१ बदलायचा. थकलेल्या व्हॉल्व्हचा ऑसिलेटर कमी वारंवारतेवर तग धरतो, पण शॉर्टवेव्हवर बंद पडतो. बदललेला व्हॉल्व्ह तो फेकून देत नसे. केवळ नागपूर ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाच्या सेटमध्ये तोच आणखी दोन-तीन वर्षे निघे.

काच पाहूनही बरेच कळे. व्हॉल्व्हच्या माथ्यावर किंवा बाजूला आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा, उरलीसुरली हवा शोषण्यासाठी उडवलेला. काचेला चीर गेली की तो दुधासारखा पांढरा पडतो, मग तो व्हॉल्व्ह तपासण्यातही अर्थ नाही. डागाच्या कडा तपकिरी होऊन विरळ झाल्या असतील तर व्हॉल्व्ह बराच वापरलेला. चालू संचात व्हॉल्व्हवर पेन्सिलीने टिचकी मारायची. स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला तर आतली ग्रिड सैल. प्लेट लाल दिसू लागली तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा नसून त्याच्या ग्रिडला लावलेल्या गळक्या कंडेन्सरचा. हे शेवटचे न कळणारा मेकॅनिक एकामागून एक नवे ईएल८४ जाळत राही.

१९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर खेड्यात पोचला आणि बॅटरीचा व्हॉल्व्ह संच पाहता पाहता गेला. टॉर्चचे सेल घालून महिनोन् महिने चालणाऱ्या पेटीपुढे ९० व्होल्टच्या बॅटरीचा टिकाव लागणे शक्यच नव्हते. शहरातले एसी संच आणखी दहा-पंधरा वर्षे रेंगाळले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा कृष्णधवल टीव्हीत अजून व्हॉल्व्ह होते. पीसीएल, पीएल आणि पीवाय या नावांचे हे ३०० मिलिअ‍ॅम्पियरच्या साखळीचे व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी साठवले गेले. टीव्हीही ट्रान्झिस्टरवर गेल्यावर हा सगळा साठा जागच्या जागी राहिला: मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार, पुण्यात बुधवार पेठ, नागपुरात सीताबर्डी, आणि लहान गावांतल्या बंद पडलेल्या रेडिओ दुकानांच्या माळ्यांवर. हेडफोनवाल्या हौशींनी नंतर हाच माल उचलायला सुरुवात केली.

त्यांची गरज मात्र रेडिओवाल्याच्या उलट आहे. रेडिओला बराच व्होल्टेज-विस्तार हवा असे. हेडफोनला विस्तार थोडा आणि करंट जास्त लागतो. ३०० ओहमच्या हेडफोनला १ व्होल्ट दिला तर ३.३ मिलिअ‍ॅम्पियर वाहतात, ३२ ओहमच्याला ३१, आणि लाटेच्या शिखरावर ४४. सर्वांत नावाजलेला ईसीसी८३ नेमका इथे हरतो. त्याचा विस्तारांक १००, पण प्लेटमधून वाहणारा प्रवाह २५० व्होल्टवर जेमतेम १.२ मिलिअ‍ॅम्पियर. माइकच्या किंवा गिटारच्या पहिल्या टप्प्याला तो उत्तम, हेडफोनच्या तारेला जोडायला निरुपयोगी. तरी नावाच्या वजनाने तो विकत घेतला जातो, हे बाजाराचे जुनेच लक्षण. ईसीसी८२ चा विस्तारांक १७ ते २०, प्रवाह १० मिलिअ‍ॅम्पियरच्या आसपास; पहिल्या टप्प्याला तो पुरतो. ईसीसी८८ ची निवडक आवृत्ती असलेला ई८८सीसी ९० व्होल्टइतक्या कमी दाबावर १५ मिलिअ‍ॅम्पियर देतो आणि कॅथोड फॉलोअर म्हणून, म्हणजे संकेत कॅथोडवरून बाहेर काढून, लावला तर त्याचा बाहेरचा रोध ८० ओहमच्या जवळ येतो. ३०० ओहमच्या हेडफोनला हे चालते. ३२ ओहमच्या हेडफोनच्या शिखराला लागणारे ४४ मिलिअ‍ॅम्पियर तो देऊ शकत नाही, लाट कापली जाते.

म्हणून ६एएस७ आणि त्याचा औद्योगिक भाऊ ६०८० पुढे आले. यांचा विस्तारांक फक्त २. रेडिओच्या दृष्टीने जवळजवळ कुचकामी. पण प्लेटचा रोध २८० ओहम आणि प्रत्येक अर्ध्याची क्षमता १२५ मिलिअ‍ॅम्पियर. ट्रान्सफॉर्मर न घालता हेडफोन चालवायचा तर असा व्हॉल्व्ह लागतो. किंमत हीटरमध्ये मोजावी लागते: ६.३ व्होल्टवर २.५ अ‍ॅम्पियर, म्हणजे नुसते तापायला जवळपास १६ वॅट. पंचायतीच्या त्या ९६ मालिकेतल्या चार व्हॉल्व्हच्या संचाचे चारही तंतू मिळून पाव वॅटसुद्धा घेत नव्हते.

एवढे करूनही बाहेरचा रोध ९० ते १०० ओहम राहतोच, आणि तो हेडफोन निवडण्यालाही बंधन घालतो. ३०० ओहमच्या हेडफोनचा रोध खर्जात ५०० पर्यंत चढला, तर १०० ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर तिथला आवाज सुमारे १ डेसिबलने फुगतो. कानाला तो किंचित भरदार लागतो आणि पुष्कळांना आवडतो. ३२ ओहमचा हेडफोन त्याच जागी ६४ वर गेला तर फुगवटा ४ डेसिबलचा होतो, आणि तोही ‘व्हॉल्व्हचा गोडवा’ या नावाने खपतो. खरे तर तो दोन रोधांचा भागाकार आहे. बाहेर जाणाऱ्या कंडेन्सरचेही तसेच. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३०० ओहमला ५ हर्ट्झपर्यंत पुरतो, ३२ ओहमला ५० हर्ट्झवरच खर्ज कापू लागतो. कमी ओहमच्या हेडफोनसाठी ईएल८४ ट्रायोड पद्धतीने जोडून आउटपुट ट्रान्सफॉर्मर लावणे हा जुना, जड आणि अधिक बरा मार्ग.

रेडिओत खपून जाणारे दोष हेडफोनमध्ये खपत नाहीत. घरच्या रेडिओच्या सहा इंची स्पीकरला ५० हर्ट्झ नीट वाजवताच येत नसे, त्यामुळे हीटरची गुणगुण लपे. हेडफोनमध्ये ती कानाच्या पडद्याशी असते. तेव्हा एकाच नावाचे पाच-सहा व्हॉल्व्ह घेऊन त्यांतला शांत कोणता हे लावून पाहणे भाग पडते. दोन कानांसाठी जोडी जुळवावी लागते. दुहेरी ट्रायोडमध्ये एकाच काचेतले दोन अर्धेही सारखे असतीलच असे नाही. जुन्या दुकानातल्या टेस्टरवरचा ‘गुड’ हा काटा याबाबत काही सांगत नाही, तो फक्त कॅथोड जिवंत आहे एवढेच सांगतो. पेन्सिलीची टिचकी इथे जास्त कामाची.

मागणी वाढली तसे खोटे छापही आले. काचेवरचे नाव पुसून दुसरे छापणे सोपे असते. तळाशी कोरलेला किंवा धूसर छापलेला संकेत बदलणे तितके सोपे नाही. मुलार्ड-फिलिप्स घराण्याच्या व्हॉल्व्हवर कारखान्याचे चिन्ह असते: बी हे इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नचे, त्रिकोण नेदरलँड्समधल्या हेर्लेनचे. डब्यावरचे नाव आणि हा संकेत जुळत नसेल तर भाव डब्याचा न देता संकेताचा द्यायचा. नवा माल हवा असल्यास तो आता मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन या तीन देशांत बनतो. ६एसएन७ आणि ईसीसी८२ हे दुहेरी ट्रायोड नवे सहज मिळतात, त्यामुळे त्यांच्याभोवती बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर पुढेही दुरुस्त होत राहील. एखाद्या दुर्मीळ व्हॉल्व्हवर यंत्र बांधणाऱ्याने सुटे व्हॉल्व्ह त्याच दिवशी घेऊन ठेवलेले बरे.

पर्याय बसवताना पाहण्याचा क्रम जुन्या मेकॅनिकचाच आहे. आधी पायांची जोडणी, मग हीटरचे व्होल्टेज, मग हीटरचा करंट, मग प्लेटची मर्यादा. ०.६ अ‍ॅम्पियरच्या ६एसएन७ साठी बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरवर २.५ अ‍ॅम्पियरचा ६०८० लावला, तर पाय जुळूनही ट्रान्सफॉर्मर जळतो. ईसीसी८८ ची मर्यादा १३० व्होल्ट. ईसीसी८२ च्या जागी २५० व्होल्टवर तो बसवला तर थोड्याच दिवसांत जातो, शिवाय त्याच्या हीटरच्या पिनांची जोडणीही निराळी आहे. टीव्हीच्या दुरुस्तीसाठी साठवलेला पीसीसी८८ मात्र ईसीसी८८ च्या सॉकेटमध्ये ७ च्या जागी ६.३ व्होल्टवर बहुतेक वेळा विनातक्रार चालतो, आणि जुन्या साठ्यात तो अजून जुळ्या भावापेक्षा स्वस्त मिळतो.